मलजल उदंचन (पंपिंग) केंद्र: किनाऱ्यावरच्या शहरात या चुका टाळा

मुंबईत मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की “पंप चालू आहेत का?” अशी विचारणा सुरू होते. पहिली चूक इथेच होते, कारण हे पंप दोन प्रकारचे आहेत. हाजी अली, ईर्ला, क्लीव्हलँड बंदर, गझदरबंध इथली केंद्रं पावसाचं पाणी समुद्रात टाकतात. मलजलाची, म्हणजे घराघरांतलं सांडपाणी आणि मैला उचलणारी केंद्रं वेगळी. वरळीच्या लव्हग्रोव्हला दोन्ही आहेत, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

मलवाहिनी उतारावर चालते. किनाऱ्यालगतच्या सपाट जमिनीत उतार राखायचा तर वाहिनी खोल खोल न्यावी लागते. म्हणून ठरावीक ठिकाणी मैला विहिरीत गोळा करून पंपानं वर उचलतात आणि प्रक्रिया केंद्राकडे पाठवतात. पंपांची ताकद मैल्याच्या हिशोबानं ठरलेली असते, पावसाच्या नाही. तरीही कितीतरी इमारतींमध्ये गच्चीचा पाइप सरळ मलवाहिनीच्या चेंबरला जोडलेला असतो. हा जोड आधी तोडा. रस्त्यावर पाणी साचलं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडणं त्याहून वाईट. गाळ, प्लास्टिक, चिंध्या थेट पंपाकडे जातात, आणि उघड्या मॅनहोलमध्ये माणसंही पडतात. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा मुंबईत असाच बळी गेला.

एका दोषाकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष असतं. पाऊस नाही, लोकवस्ती तीच, तरी पंप जास्त तास चालतात. अशा वेळी नवा, मोठा पंप मागवण्याची घाई करू नका. पंपाच्या तासांची नोंदवही आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. भरतीबरोबर विहिरीची पातळी चढत असेल, तर फुटक्या वाहिनीतून किंवा सांध्यांतून खारं पाणी आत येत असण्याची दाट शक्यता आहे. भरतीच्या आणि ओहोटीच्या वेळचे नमुने घेऊन क्लोराइड (खारेपणा दाखवणारा घटक) तपासलं की खात्री होते. हे पाणी विजेचं बिल वाढवतंच, शिवाय त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. ओल्या भिंतीवर त्याचं सल्फ्युरिक आम्ल होऊन काँक्रीट झिजतं. वीज वाचवायला मैला तासन्‌तास विहिरीत साठवून ठेवला, तरी हीच झीज होते.

पंप फिरतो पण पातळी उतरत नाही? पंपाच्या वीज-पॅनेलचं काम नुकतंच झालं असेल तर फेज (वीजपुरवठ्याच्या तारा) उलटे लागले आहेत का ते आधी बघा. पंप उलटा फिरला तर आवाज करतो, पाणी मात्र नावापुरतंच टाकतो. मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) तपासा. तो अडकून उघडा राहिला की उचललेलं पाणी परत विहिरीत येतं. त्यानंतर इम्पेलर, म्हणजे पंपाचं फिरतं चाक. वेट वाइप्स आणि सॅनिटरी पॅड पाण्यात विरघळत नाहीत, दोरासारखे गुंडाळले जातात. पंप सतत चालू-बंद होत असेल तर फ्लोट (पातळीनुसार पंप चालू-बंद करणारे तरंगते स्विच) फार जवळजवळ लावलेले असतात किंवा चरबीत अडकलेले असतात. सोसायटीच्या तळघरातल्या छोट्या पंपालाही हे सगळं लागू आहे.

पॅनेल आणि जनरेटर पूरपातळीच्या वर बसवा; खाऱ्या हवेनं टर्मिनल गंजतात, ते मेमध्येच साफ करा. जनरेटर नुसता सुरू करून पाहू नका, पंपाचा भार देऊन चालवा.

विहिरीत माणूस उतरवणं ही सर्वांत मोठी चूक. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येणं थांबतं, आणि “आता गॅस गेला” असं समजून माणूस आत जातो. त्याला काढायला दुसरा उतरतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. अशा मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. पण भरपाईची वेळ येऊच का द्यायची? पाण्यातले पंप दांड्यांवर सरकवून बसवलेले असतात, ते साखळीनं वर ओढता यावेत म्हणूनच. साखळी गंजली असेल तर आजच बदला.