डे केअरला येणारे आजी-आजोबा न कळवता आले नाहीत, तर काय करावे?

रोज दहाला येणाऱ्या आजी साडेदहा झाले तरी आल्या नाहीत आणि घरून फोनही नाही. अशा वेळी हजेरीपटात ‘गैरहजर’ लिहून पुढच्या कामाला लागू नका. कारण बहुतेकदा साधंच निघतं. रिक्षावाला आला नाही, रात्री झोप लागली नाही, अचानक पाहुणे आले. पण ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, मधुमेह आहे किंवा जे घरी एकटेच असतात, त्यांच्याबाबतीत हे गृहीत धरता येत नाही. आज कुणीतरी त्यांना डोळ्यांनी पाहिलं किंवा त्यांचा आवाज ऐकला, तरच चौकशी संपली असं समजा.

आधी केंद्रातच विचारा, मग फोन

गाडीचा चालक, मावशी, काल सोडायला गेलेली व्यक्ती यांना विचारा. ‘उद्या येणार नाही’ हा निरोप बरेचदा चालकाजवळच राहून गेलेला असतो. मग आधी त्यांना स्वतःला फोन लावा, त्यानंतर घरच्यांना. परगावचा मुलगा म्हणेल, ‘काल रात्री बोललो, ठीक होती.’ ती कालची खबर झाली. ‘आज कुणी पाहिलंय का? चावी कुणाकडे आहे?’ हे त्याला स्पष्ट विचारा. प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवा.

अर्ध्या तासात दारात माणूस हवा

फोनवर खात्री पटली नाही तर शेजाऱ्याला किंवा वॉचमनला वर जाऊन बघायला सांगा आणि केंद्रातलंही कुणीतरी निघा. शक्यतो दोघं जा. दारात पोचल्यावर लगेच बेलवर बेल मारू नका, आधी नीट बघा. दुधाची पिशवी कडीला तशीच लटकतेय का? पेपर आत घेतलाय का? कुलूप बाहेरून आहे की दार आतून लावलंय? मग बाहेरून त्यांचा मोबाइल लावा आणि दाराला कान लावा. रिंग आत वाजतेय आणि कुणी उचलत नाही, किंवा कण्हण्याचा आवाज येतोय, तर आणखी वाट पाहू नका. चावी हाताशी नसेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. दार उघडायला अग्निशमन दलही येतं. जमिनीवर तासन्‌तास पडून राहिलेल्या वृद्धाच्या अंगातलं पाणी कमी होतं आणि स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून इथे घाई केलेली बरी.

आत त्या पडलेल्या दिसल्या तर ओढून उठवू नका, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. मधुमेह असला तरी बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. चेहरा वाकडा झाला असेल, एक हात उचलता येत नसेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं ती वेळ डॉक्टरांना सांगा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास या वेळेपासूनच मोजतात. फोनच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्या त्या यासाठीच.

घरातच नसतील तर

स्मृतिभ्रंशाचा माणूस अनेकदा जुन्या ओढीने निघतो: पूर्वीचं घर, नेहमीचं देऊळ, नोकरीचं ठिकाण, एसटी स्टँड. एकाने घरीच थांबावं, बाकीच्यांनी या जागा बघाव्यात. त्याच वेळी पोलीस ठाण्यात मिसिंगची तक्रार द्या. चोवीस तास थांबावं लागतं ही समजूत चुकीची आहे. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, चालण्याची लकब आणि औषधांची यादी सोबत न्या.

घरचे भेटू देत नसतील तर

हे सगळ्यात अवघड. ‘झोपल्यात, नंतर बघू’ हेच उत्तर सारखं मिळत असेल, तर भांडू नका, आरोपही करू नका. ‘आजींशी दोन मिनिटं बोलायचंय’ एवढंच शांतपणे म्हणा. तरीही टाळाटाळ झाली, अंगावर वळ दिसले किंवा उपासमार जाणवली, तर पाहिलेलं जसंच्या तसं तारखेसह लिहा आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला कळवा. जिवाला धोका वाटला तर थेट ११२. सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणं हा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

नाव नोंदवतानाच

शेजाऱ्याचा नंबर, चावी कुणाकडे असते, आजार आणि औषधं, ताजा फोटो, जुन्या घराचा पत्ता, हे अर्जावर लिहून घ्या आणि अधूनमधून तपासा. घरच्यांना तेव्हाच सांगून ठेवा: येणार नसतील तर सकाळी नऊच्या आत कळवा, नाहीतर आमचा माणूस दारात येईल.