घरखर्च कमी करायचाय? आधी आपोआप जाणारा पैसा पकडा

पैसे वाचवायचे ठरलं की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड पडते ती छोट्या छोट्या आनंदांवर, म्हणजे बाहेरचं खाणं बंद, सिनेमा बंद, मुलांचं आईस्क्रीम बंद, मग दोन आठवड्यांत सगळेच वैतागतात आणि ये रे माझ्या मागल्या. माझं ठाम मत आहे की सुरुवात तिथून करूच नका. जो पैसा दर महिन्याला आपल्या नकळत आपोआप जातो तो आधी शोधा, कारण तिथे एकदाच डोकं लावायचं असतं, नंतर रोज मन मारत बसावं लागत नाही.

तर पहिलं काम, बँकेचं आणि कार्डाचं मागच्या वर्षभराचं स्टेटमेंट काढा. वर्षभराचंच काढा, तीन महिन्यांचं नको, कारण वर्षातून एकदा कापले जाणारे पैसे तीन महिन्यांत दिसतच नाहीत आणि तेच जास्त लागतात. आता पेन घेऊन बसा आणि परत परत येणारी प्रत्येक एंट्री गोल करा: मोबाईल प्लॅन, इंटरनेट, ओटीटी, क्लाउड स्टोरेज, जिम, कुठल्यातरी ॲपचं प्रीमियम, सगळं. प्रत्येक गोलासमोर एकच प्रश्न विचारा, मागच्या महिन्यात हे घरात कुणी वापरलं? कुणीच नाही असं उत्तर आलं तर उठायच्या आधी तिथल्या तिथे कॅन्सल करा. आणि हो, फोनमधून ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं होत नाही, पैसे कापले जातच राहतात, सेटिंगमध्ये जाऊन ते वेगळं बंद करावं लागतं. फ्री ट्रायल घेतलीत तर त्याच मिनिटाला फोनमध्ये रिमाइंडर लावा, संपायच्या दोन दिवस आधीचा.

मोबाईल प्लॅनचं पण बघा, सेटिंगमध्ये महिन्याचा डेटा किती वापरला ते दिसतं, घरी वायफाय असेल तर बरेच जण घेतलेल्या डेटाच्या अर्धासुद्धा वापरत नाहीत. विम्यावर मात्र कात्री चालवू नका प्लीज. रिन्यूअलच्या वेळी दोनचार ठिकाणचे दर जरूर बघा पण आरोग्य विमा बंद करून केलेली बचत एका आजारपणात कितीतरी पटीने बाहेर जाते.

क्रेडिट कार्डाची उधारी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती फेडा, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं पण चक्रवाढीने वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. बिलावर जो ‘मिनिमम ड्यू’ लिहिलेला असतो तेवढाच भरत राहिलं तर मुद्दल जेमतेम हलतं, वर्षानुवर्षं आपण व्याजच भरत असतो. दोनतीन उधाऱ्या असतील तर सगळ्यांचे किमान हप्ते भरा आणि वरचा जो काही पैसा उरेल तो सगळा सगळ्यात जास्त व्याजाच्या उधारीत टाका. ती संपली की पुढची. एकीकडे असं कर्ज चालू आणि दुसरीकडे त्याहून कितीतरी कमी व्याजाने ठेव ठेवलेली, हा हिशोब कधीच जमत नाही.

आता वीज. लाईट बंद करा म्हणून मुलांच्या मागे लागणारे आईबाबा खूप बघितलेत, पण त्याच घरात गीझर तासन्‌तास चालू असतो त्याचं काय? १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट पडतं. म्हणजे २००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात १ युनिट खातो, आणि तेवढ्याच विजेत ९ वॅटचा एलईडी बल्ब शंभर तासांहून जास्त चालतो. त्यामुळे लक्ष द्यायचं ते गरम करणाऱ्या आणि गार करणाऱ्या वस्तूंवर. कपडे गरम पाण्याऐवजी साध्या पाण्यात धुवा, कारण वॉशिंग मशीनची बरीचशी वीज पाणी तापवण्यात जाते, आणि मशीन भरल्याशिवाय लावू नका. एसीचं तापमान दोन डिग्री वाढवा आणि सोबत पंखा लावा, फिल्टर धुवून घ्या. फ्रीज ४ डिग्री आणि फ्रीझर उणे १८ पुरे, त्याहून गार ठेवून फायदा काही नाही, बिल फक्त वाढतं. फ्रीजच्या दारात एक कागद अडकवून दार लावा आणि ओढून बघा, सहज निघून आला तर रबर ढिलं झालंय, गारवा बाहेर जातोय.

एक टेस्ट मला फार आवडते आणि मुलांना सोबत घेऊन करण्यासारखी आहे. डिजिटल मीटरवर एक छोटा लाईट लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० imp/kWh असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. घरातले सगळे लाईट, पंखे, टीव्ही नेहमीसारखे बटणाने किंवा रिमोटने बंद करा, फ्रीजचा प्लग थोडा वेळ काढा आणि मीटरसमोर घड्याळ घेऊन उभे राहा. सगळं बंद असूनही मिनिटाला एकदा जरी लुकलुकला तरी साधारण १९ वॅट कुठेतरी जातायत, असं वर्षभर चाललं तर १६० हून जास्त युनिट होतात! मग एकेक प्लग काढत जायचं आणि चोर शोधायचा, सेटटॉप बॉक्स, जुना प्रिंटर, स्पीकर यातलं कुणीतरी सापडतंच. नंतर त्यांना एकाच स्विचच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावा, रात्री एक बटण बंद केलं की झालं.

पाण्याचं थोडक्यात: सेकंदाला एक थेंब गळणारा नळसुद्धा दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो आणि बऱ्याचदा दोष फक्त आतल्या वायसरचा असतो. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे काही थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका, खाली भांड्यात रंग उतरला तर टाकी गळतेय.

किचनमध्ये सगळ्यात जास्त पैसा फेकून दिलेल्या अन्नात जातो असं मला वाटतं. फ्रीजचा एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून ठेवा, अगदी डोळ्यासमोरचा, आणि रोज स्वयंपाक ठरवताना पहिलं तिथे बघायचं. खरेदीला निघायच्या आधी फ्रीजचा आणि डब्यांचा फोटो काढून घ्या, यादी करायला वेळ नसला तरी तेवढं नक्की जमतं. मोठं पॅक स्वस्तच असतं हे डोक्यातून काढा, किमतीला वजनाने भागा आणि मग ठरवा, पॅक तेवढंच दिसतं पण आतलं वजन कमी झालेलं असतं असंही होतं. आणि गॅसबद्दल, पाण्याला उकळी आली की आच कमी करा आणि झाकण ठेवा, उकळतं पाणी मोठ्या आचेवर जास्त गरम होत नाही, फक्त वाफ होऊन उडतं.

हे सगळं करताना घरात भांडणं होऊ नयेत म्हणून एक नियम ठेवा: नवराबायको दोघांनाही दर महिन्याला थोडी ठरलेली रक्कम अशी हवी की तिचा हिशोब कुणी विचारायचा नाही, मग ती पुस्तकात जावो नाहीतर चपलांत. रक्कम लहान असली तरी चालेल पण हवीच, नाहीतर लपवाछपवी सुरू होते.

शेवटचं काम वाचलेल्या पैशाचं. तो त्याच खात्यात पडून राहिला तर खर्च होणारच, त्यामुळे पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जाईल अशी सोय करा. तिथे आधी ३ ते ६ महिन्यांचा घरखर्च जमू द्या आणि त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवू नका. जेव्हा जेव्हा एखादं सबस्क्रिप्शन बंद कराल किंवा कर्जाचा हप्ता संपेल, त्याच दिवशी ही आपोआप जाणारी रक्कम तेवढ्याने वाढवून टाका.