अंगावर पाजल्याने छाती उतरते का? गरोदरपणापासून दूध तुटेपर्यंत या चुका टाळा

डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांत एखादी तरी हळूच कानाशी येऊन सांगते, "लई दिवस अंगावर पाजू नको गं, छाती उतरते." सांगणारीच्या मनात वाईट काही नसतं. पण या एका वाक्यापायी तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच बाळाचं दूध तुटतं आणि ज्यासाठी तोडलं तेही हाती लागत नाही. छातीचा आकार बदलतो तो मुख्यतः गरोदरपणात. बाळाने पहिला घोट घेण्याआधीच बरंचसं काम होऊन गेलेलं असतं.

स्तनात स्नायू नसतो. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, ते बोंडापर्यंत आणणाऱ्या नळ्या, भोवतीची चरबी आणि हे सगळं तोलून धरणारे तंतूंचे पातळ पट्टे, म्हणजे कूपरचे बंध, एवढंच आत असतं. पाळी चुकल्यावर काही आठवड्यांतच इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतात, ग्रंथी आणि नळ्यांना फाटे फुटू लागतात, रक्तपुरवठा वाढतो. छाती जड होते, हात लागला तरी दुखते, निळसर शिरा दिसू लागतात. साधारण १६ व्या आठवड्यापासून चीक तयार व्हायला लागतो. नऊ महिन्यांत बहुतेकींचा ब्राचा कप एक-दोन मापांनी वाढतो. या वाढीने त्वचा आणि बंध ताणले जातात. पुढे कधीतरी दूध बंद झालं की ग्रंथी आक्रसतात, पण ताणलेली कातडी त्याच वेगाने आवळत नाही. छाती 'रिकामी' वाटते ती यामुळे.

जिने एकदाही पाजलं नाही तिच्याही बाबतीत हे होतं. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या प्लास्टिक सर्जननी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. स्तन ओघळण्याशी संबंध दिसला तो वय, जास्त वजन, बाळंतपणांची संख्या, मुळातली मोठी छाती आणि धूम्रपान यांचा. पाजण्याचा संबंध दिसला नाही. तेव्हा आकाराच्या काळजीने पाजणं थांबवणं ही पहिली आणि सगळ्यात महाग चूक. पहिले ६ महिने फक्त अंगावरचं दूध, नंतर वरच्या खाण्यासोबत २ वर्षं किंवा त्याहून जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला निर्धास्तपणे पाळा.

जुनीच ब्रा, नाहीतर अंदाजाने घेतलेली

सोलापुरात नवी पेठेत गेल्यावर दुकानात उभ्या उभ्या "छत्तीस द्या" म्हणून पाकीट घ्यायचं, ही आपली पद्धत. गरोदरपणात ती अंगाशी येते, कारण तेव्हा कपासोबत बरगड्यांचा घेरही वाढतो. माप घरीच घ्या. टेप छातीच्या बरोबर खाली, जमिनीला समांतर धरा आणि श्वास सोडून आकडा लिहा. दुसरं माप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप न आवळता. खालचा घेर ७५ सेंटीमीटरच्या आसपास असेल तर साधारण ३४ नंबर, ८० ला ३६, ८५ ला ३८. दोन मापांतला फरक १३ सेंटीमीटर असेल तर ए कप, १५ ला बी, १७ ला सी, १९ ला डी. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून पाकिटावरचा तक्ता बघूनच घ्या.

हुकाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात घेतलेली ब्रा सगळ्यात आतल्या, म्हणजे घट्ट हुकावर नीट बसली पाहिजे. पुढे घेर वाढेल तसे हुक बाहेर सरकवता येतात. पाजण्याची ब्रा नवव्या महिन्यात घेताना बरोबर उलटं करायचं: ती सगळ्यात बाहेरच्या, सैल हुकावर बसावी, कारण बाळंतपणानंतर घेर पुन्हा कमी होतो. कपात मात्र थोडी जागा ठेवा. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध उतरतं तेव्हा ती लागते.

ब्रा चुकली हे अंगावरच दिसतं. संध्याकाळी काढल्यावर खांद्यावर बोट बसेल अशी खाच पडलेली असेल, तर सगळं वजन पट्ट्यांवर आहे आणि खालचा पट्टा सैल आहे. पाठीमागचा पट्टा वर चढत असेल तरी तोच दोष. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, पूर्ण पंजा नाही. कपाच्या कडेला लाल वळ उठत असतील तर कप लहान आहे. दूध येत असताना तारेची ब्रा घालू नका. तार एकाच जागी दाबून राहिली की तिथलं दूध अडतं.

सोलापूरचं ऊन आणि रोज न येणारं नळाचं पाणी पाहता दोन ब्रांवर भागत नाही, चार-पाच हव्यात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. घाम आणि दूध मिळून कापड दिवसभर ओलं राहतं आणि छातीखालच्या घडीत लाल, खाज सुटणारा पट्टा उठतो. तो घामोळं समजून त्यावर पावडर थापली जाते. पुष्कळदा तो बुरशीचा संसर्ग असतो आणि पावडरीचा ओला लगदा तो आणखी वाढवतो. घडी टिपून कोरडी करा, मध्ये मलमलचा तुकडा ठेवा, आठवड्यात गेला नाही तर दाखवा. घरात असताना पंख्याखाली थोडा वेळ ब्रा काढून बसलात तर काही बिघडत नाही. रात्री ब्रा घालून झोपल्याने छाती वर राहते हाही गैरसमज आहे.

तुंबलेली छाती रगडणं

सगळ्यात जास्त इजा इथे होते, म्हणून जरा सविस्तर. दूध उतरताना ग्रंथींत दूध साठतंच, शिवाय भोवतीच्या भागात रक्त आणि पाणी उतरून सूज येते. छाती दगडासारखी लागते, कातडी चकाकते, बोंड सपाट होतं आणि बाळाला ते तोंडात धरता येत नाही. मग मालिशवाल्या मावशी येतात, गरम तेल घेऊन अंगठ्याने "गाठी फोडतात". मावशींचा हात पाठीला, कमरेला, पायांना जरूर लावून घ्या. छातीला नको. सुजलेला भाग जोराने दाबला की आतल्या बारीक नळ्या आणि रक्तवाहिन्या दुखावतात, सूज वाढते आणि साधं तुंबणं पिकण्याकडे जातं. (नवजात बाळाची छाती सुजलेली दिसते तीही पिळू देऊ नका. आईच्या हार्मोनमुळे आलेली ती सूज काही आठवड्यांत आपोआप उतरते.)

त्याऐवजी हे करा. पाजायच्या अगदी आधी सोलापुरी टॉवेल कोमट पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून गरमपणा पाहा आणि छातीवर दोन मिनिटं ठेवा. जास्त वेळ शेकलं तर सूज वाढते. मग दोन्ही हातांची बोटं बोंडाच्या बुडाशी, काळ्या वर्तुळावर ठेवून आत, बरगड्यांच्या दिशेने, मिनिटभर हलकेच दाबून धरा. सूज मागे सरते, वर्तुळ मऊ पडतं आणि बाळाला धरता येतं. पाजून झाल्यावर थंड पाण्यात पिळलेलं फडकं १० ते १५ मिनिटं. तरीही ताण वाटला तर हाताने थोडं दूध काढा, बरं वाटेल इतकंच. छाती पूर्ण रिकामी करत बसलात तर शरीर आणखी दूध बनवतं आणि पुढच्या वेळी तुंबणं वाढतं.

मुळात तुंबूच नये यासाठी २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायला हवं आणि बाळाची पकड बरोबर हवी. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळं वर्तुळ वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसतंय, असं असेल तर पकड बरोबर. नुसतं बोंड तोंडात असेल तर चिरा पडतात, दुखतं म्हणून आई पाजणं टाळते आणि दूध तुंबतं. बाळाला काढताना ओढू नका. ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवून पकड सोडवा.

एका बाजूला लाल, गरम, दुखरा भाग दिसतोय आणि थंडी वाजून ताप आलाय, तर २४ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. त्या बाजूचं पाजणं मात्र थांबवू नका. ते दूध बाळाला चालतं आणि पाजणं अचानक थांबलं की गळू होण्याचा धोका वाढतो.

सपाट किंवा आत गेलेलं बोंड

गरोदरपणात ते ओढून बाहेर काढायचा खटाटोप करू नका. शेवटच्या महिन्यांत बोंड चोळल्याने कळा येऊ शकतात. उपाय बाळंतपणानंतरचा: १० किंवा २० मिलीची नवी सिरिंज घ्या, सुईकडचं टोक ब्लेडने कापा, दट्ट्या काढून कापलेल्या बाजूने आत घाला. गुळगुळीत बाजू बोंडावर ठेवून आईने स्वतःच दट्ट्या हळू ओढायचा आणि ३० ते ६० सेकंद धरायचा. दुखलं की सोडायचा. काढताना दट्ट्या थोडा परत ढकलला की सिरिंज सुटते. पाजण्याआधी दर वेळी एकदा पुरे.

एकच बाजू आवडीची

उजव्या हाताला काम असतं म्हणून बाळ कायम डाव्या कुशीत, असं झालं की एक छाती मोठी, एक लहान. दूध मागणीवर बनतं, पाजलं तेवढं. काही दिवस लहान बाजूने सुरुवात करा, भुकेलं बाळ जास्त जोराने ओढतं. थोडाफार फरक मुळात प्रत्येकीतच असतो. पाजण्यामुळे वाढलेला फरक दूध सुटल्यावर बहुतेक वेळा मिटतो.

वजन आणि तंबाखू

डिंक, अळीव, मेथीचे लाडू वाईट नाहीत. पण रोजच्या जेवणावर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन लाडू आणि वर तुपाची धार, आणि सहाव्या महिन्यात घाबरून एकदम उपाशी राहणं, या चढ-उताराने कातडी जास्त सैल पडते. पाजणाऱ्या आईला पहिल्या ६ महिन्यांत रोज साधारण ६०० उष्मांक जास्त लागतात, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. सोबत प्रथिनं हवीत. ज्वारीची भाकरी, दाट वरण, उसळ, दही किंवा अंडी आणि पोळीसोबत चमचाभर शेंगाचटणी, एवढ्यात ती जमतात. वजन उतरवायचं तर आठवड्याला अर्धा किलोपेक्षा घाई नको.

धूम्रपानाने कातडीला लवचीक ठेवणारे तंतू झिजतात. मिसरी लावणाऱ्या आईच्या दुधातही निकोटिन उतरतं. ती सोडणंच बरं. सुटेपर्यंत निदान पाजायच्या आधी लावू नका, पण त्यासाठी पाजणं सोडू नका. सोलापूरच्या पूर्व भागात ज्या घरी विड्या वळल्या जातात तिथे मांडीवर सूप आणि शेजारी बाळ हे नेहमीचं चित्र. सुपावरून उठल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुवा, वरचं कापड बदला, मग बाळ घ्या. झोळी तंबाखूच्या धुळीपासून लांब बांधा.

क्रीम, तेल, व्यायाम

छाती वर उचलणारं क्रीम किंवा तेल नाही. ताणलेल्या बंधांपर्यंत ते पोचतच नाही, आणि बोंडाला लावलेलं बाळाच्या पोटात जातं. कोरडी कातडी खाजत असेल तर खोबरेल तेल लावा, बोंड सोडून. ताणाच्या लाल रेघा वर्षभरात फिकट होत जातात. व्यायामाने स्तन वर जात नाही, पण खालचा स्नायू आणि पाठ बळकट झाली की खांदे झुकत नाहीत आणि छातीची ठेवण लगेच वेगळी दिसते. साध्या बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी, सिझेरियन असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, भिंतीला हात टेकून जोर काढा: दहा-दहाचे दोन फेरे, आठवड्यातून तीनदा.

दूध एका दिवसात तोडणं

बोंडाला कडुलिंब किंवा कोरफड लावायची, छाती ओढणीने करकचून बांधायची आणि बाळाला आजीकडे पाठवायचं. यात बाळ रडून हैराण होतं आणि आईची छाती पिकते. दर तीन ते पाच दिवसांनी एक पाजणं कमी करा. दुपारचं आधी, रात्रीचं शेवटी. ताण आला तर थोडं काढा. सगळं सुटल्यावर लगेच आरशात बघून निराश होऊ नका. आक्रसलेल्या ग्रंथींच्या जागी चरबी भरायला महिने लागतात. निदान ६ महिने जाऊ द्या, मगच नवीन कायमच्या मापाच्या ब्रा घ्या. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर तोही त्यानंतरच, आणि पुढचं मूल हवं असेल तर त्याहूनही नंतर.

"दुधाचीच गाठ असेल"

ही शेवटची चूक जिवावर बेतू शकते. पाजून, शेकूनही दोन आठवड्यांत न विरघळलेली गाठ, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, नव्याने आत ओढलं गेलेलं बोंड, एकाच बोंडावर न भरणारं पुरळ, यांतलं काहीही दिसलं तर तपासून घ्या. पहिल्या काही दिवसांत चिकात लालसर झाक असू शकते आणि ती आठवड्यात जाते. नंतर रक्त दिसलं तर दाखवायलाच हवं. "अजून पाजतेय, दूध सुटल्यावर बघू" म्हणून थांबू नका. पाजत असतानाही सोनोग्राफी करता येते. सिव्हिलला जा किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टर बाईंकडे, फक्त तपासणीच्या आधी बाळाला पोटभर पाजून घ्या. छाती मऊ असली की गाठ हाताला आणि मशीनला नीट कळते.