राउटिंगचा कोड आरएफसीशी पडताळताना या चुका टाळा

विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत उन्हाळ्यात इंटर्नशिपची पोरं येतात. बीजीपीचा (इंटरनेटवरची नेटवर्कं एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) कोड स्टँडर्डशी पडताळायला दिला की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, यावर यूट्यूबला काही आहे का?" असेल. आधी आरएफसी ४२७१ वाचा, म्हणजे बीजीपीचे नियम लिहिलेला अधिकृत कागद. १०४ पानं आहेत, मरत नाही कुणी.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे दोन्ही टोकांना आपलाच कोड लावायचा आणि "चालतंय" म्हणायचं. सांगलीत हळदीच्या सौद्यात आपलाच काटा आणि आपलंच वजन कुणी चालवून घेईल का? मीही हेच करून बसलोय. घरी दोन्हीकडे होल्ड टाइम (समोरून काहीच आलं नाही तर किती वेळ वाट बघायची तो आकडा) ९० सेकंद, सेशन (दोन राउटरमधली जोडणी) दिवसभर ठणठणीत. गिऱ्हाईकाच्या राउटरवर तो २० होता. तिथं उभं राहिलेलं सेशन वीस सेकंदांत आडवं, पुन्हा उभं, पुन्हा आडवं. केबल बदलली, स्विच बदलला, लाइटला शिव्या घातल्या. दुसऱ्या रात्री एकदाचं वायरशार्क, म्हणजे वायरवरून जाणारे मेसेज दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलं. समोरून नोटिफिकेशन येत होतं, एरर कोड ४, म्हणजे होल्ड टायमर संपला. दोघांच्या ओपन मेसेजमधला (सेशन सुरू करताना पाठवतात तो) लहान आकडा धरायचा, हे कलम ४.२ मध्ये स्पष्ट लिहिलंय. आमचा कोड स्वतःचेच ९० धरून, त्याला तिनाने भागून, दर ३० सेकंदांनी कीपअलाइव्ह, म्हणजे 'मी अजून आहे' हा मेसेज, पाठवत होता. तोवर समोरचा कंटाळून गेलेला.

तेव्हापासून समोर एफआरआर (दुसऱ्यांनी लिहिलेलं ओपन सोर्स राउटिंग सॉफ्टवेअर) ठेवतो आणि आकडे मुद्दाम वेगळे देतो. होल्ड टाइम शून्य देऊन बघा, ठरावीक वेळाने जाणारे कीपअलाइव्ह जाताच कामा नयेत. एक किंवा दोन दिले तर ओपन नाकारलं गेलं पाहिजे.

जुन्या कागदावर भिस्त ठेवू नका. ४२७१ हा २००६ चा. त्यात अपडेटमध्ये (मार्ग कळवणाऱ्या मेसेजमध्ये) खोट निघाली की बहुतेक वेळा सेशनच तोडायचं. २०१५ च्या आरएफसी ७६०६ ने सांगितलं, बऱ्याच चुकांसाठी फक्त ते मार्ग मागे घेतले असं समजा. आमच्या एका पोराने हे बरोबर वागणं बग म्हणून नोंदवलं आणि 'दुरुस्त'ही केलं! आरएफसी एडिटरच्या वेबसाइटवरचं 'अपडेटेड बाय' बघायला किती वेळ लागतो?

आरएफसीतले मस्ट (केलंच पाहिजे) आणि शुड (सबळ कारण नसेल तर करावं) एका मापाने मोजू नका. बाइट ऑर्डर (आकड्यातला कुठला बाइट आधी जातो) तपासा. एआयने सांगितलेला कलम क्रमांक उघडून बघितल्याशिवाय कॉमेंटमध्ये टाकू नका.

मी आरएफसी छापून घेतो, पोरं हसतात. प्रत्येक मस्टपुढे पेन्सिलने फाइल आणि फंक्शनचं नाव लिहितो. जिथं समास कोरा राहतो तिथं आधी टेस्ट लिहायची, कोडला हात नंतर.