पंख्याचं विमान शिकताना: उजवा पाय आणि गुऱ्हाळाचा धूर

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या कुंपणाबाहेर एटीआर हे छोटं प्रवासी विमान उतरताना बघायला पोरं दुचाक्या लावून थांबतात. मीही थांबतो, निवृत्त माणसाला दुसरं काय काम. गेल्या हिवाळ्यात शेजारी उभा असलेला बारावीचा मुलगा मित्राला म्हणाला, "ह्ये पंख्याचं हाय रं. खरं विमान न्हवं."

मी काही बोललो नाही. पण माझी वायुदलातली वर्षं, मधले किरण जेटचे काही महिने सोडले तर, पंख्याच्याच, म्हणजे प्रोपेलरच्या विमानांवर गेली. आधी दीपक हे शिकाऊ विमान, मग एएन-३२ हे मालवाहू. त्या मुलासाठी, आणि "सर, पायलट व्हायचंय, काय करू?" असं विचारत कसबा बावड्यात माझ्या घरी येणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

आधी कागदपत्रांचं उरकून घेतो, कारण ते सगळीकडे मिळतं. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे. पदवीनंतर जायचं असेल तर ॲफकॅट ही वायुदलाची परीक्षा, तीही वर्षातून दोनदा. बरेच जण अभ्यास करतात आणि मोजमाप विसरतात. पायलटसाठी उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते, शिवाय पायाची लांबी ९९ ते १२० आणि बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंटीमीटरच्या आत हवी. भिंतीला टेकून, टेप घेऊन, आजच मोजा. इथल्या एका क्लासने आमच्या गल्लीतल्या एका मुलाकडून दोन वर्षांची फी घेतली आणि त्याला रंग नीट ओळखता येत नाहीत हे कोणी तपासलंसुद्धा नाही. त्याचं त्याला मुलाखतीनंतरच्या मेडिकलमध्ये कळलं.

आता पायांचं.

माझी निवड मैसूरला झाली तेव्हा पायलट होण्याची कुवत तपासणारी पीएबीटी नावाची चाचणी असायची. आता तिच्या जागी संगणकावरची सीपीएसएस आहे. नियम मात्र तोच, आयुष्यात एकदाच संधी. नापास झालात की वायुदलाच्या कॉकपिटचं दार कायमचं बंद. त्या चाचणीत एका यंत्रासमोर बसवायचे. हातात स्टिक, पायाखाली दोन पेडल, समोर पळणारा एक ठिपका. हाताने एक दिशा सांभाळायची, पायांनी दुसरी. माझ्या आधी बसलेला मुलगा हुशार होता, इंग्रजी फाडफाड. पण त्याचे पाय पेडलवर नुसते ठेवलेले होते, चपला काढून ठेवाव्यात तसे. मला मात्र बुलेट चालवायची सवय होती, आणि उन्हाळ्यात आजोळी वडगावला ट्रॅक्टरही. क्लच, ब्रेक, हात, नजर, सगळं एकदम. मी पास झालो ते अभ्यासामुळे नव्हे, ट्रॅक्टरमुळे, असं माझं अजूनही मत आहे.

खडकवासल्याची तीन वर्षं संपवून मी हैदराबादजवळ दुंडिगलला, वायुदलाच्या अकादमीत गेलो. एचपीटी-३२, म्हणजे दीपक. एचएएल या सरकारी विमान कंपनीचं विमान, १९७७ च्या जानेवारीत पहिल्यांदा उडालेलं. २६० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन, पुढे एक चाक, मागे दोन, चाकं आत न जाणारी, आणि दोन खुर्च्या शेजारी शेजारी. ही शेजारी बसण्याची सोय वरून प्रेमळ वाटते. प्रत्यक्षात गुरुजींना तुमचा प्रत्येक अवयव दिसतो. माझ्या तिसऱ्या फेरीला सर वर बघतच नव्हते, माझ्या बुटांकडे बघत होते.

कारण असं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर वाढवणारा दांडा, पुढे सारला की दीपकचं नाक डावीकडे पळतं. उद्यमनगरात ज्यांनी हातात जड ड्रिल मशीन धरलंय त्यांना अर्धं कळलं असेल. बिट एकीकडे फिरतं आणि मशीन तुमचं मनगट उलटीकडे पिळतं. उरलेलं अर्धं हवेचं. प्रोपेलर हवा सरळ मागे फेकत नाही, ती पिळाच्या दोरीसारखी विमानाभोवती गुंडाळत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर एका बाजूने आदळते. म्हणून टेकऑफला उजवा पाय दाबायचा. किती? तेच तर शिकायचं असतं. आकडा नाही त्याला. वेग वाढला की कमी, नाक वर घेतलं की थोडा जास्त, इंजिन मंद केलं की सोडून द्यायचा. ब्रिटिश टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन उलट फिरतं, म्हणून ते उजवीकडे पळतं आणि तिथे डावा पाय लागतो. मग पाठांतर काय करणार?

जेटवर हा त्रास जवळजवळ नाही. घरी संगणकावर विमान उडवून आलेली मुलं नेमकी इथे अडकतात. त्यांचे हात छान असतात, पाय झोपलेले. तुम्हाला सिम्युलेटर घ्यायचाच असेल तर स्टिकवर कमी खर्च करा, पेडल घ्या.

मला पहिल्या सोलोला, म्हणजे एकट्याने उडवायला, तेरा तास लागले. आमच्या तुकडीत उशिरा गेलेल्यांमध्ये मी. बाराव्या तासाला उतरताना मी विमान धावपट्टीवर असं आपटलं की सर म्हणाले, "हे लँडिंग नव्हतं, हा जमिनीशी झालेला वाद होता." रात्री बराकीत खुर्चीवर बसून, मांडीत मेसमधून आणलेलं लाटणं धरून, डोळे मिटून मी अख्खं सर्किट, म्हणजे उडून धावपट्टीला फेरी मारून परत उतरणं, मनात उडवत होतो. बोट कुठे जाणार, डोळे कुठे, तोंडाने काय म्हणणार. समोरच्या भिंतीवर कागदाचं कॉकपिट चिकटवलेलं. खोलीतला माझा सोबती पंजाबचा, तो मला वेडा समजायचा, आठवड्याने तोही लाटणं मागू लागला. ही युक्ती फुकट आहे आणि आजही चालते. फक्त वेळ खरा धरा. सर्किटला जितकी मिनिटं लागतात तितकीच खुर्चीत लागली पाहिजेत.

दीपकबद्दल एक गोष्ट गोड करून सांगणार नाही. हवेत इंजिन बंद पडलं की ते फार तरंगायचं नाही, उतरत जायचं दगडासारखं. वैमानिकाला विमानाबाहेर फेकून वाचवणारी इजेक्शन सीट नव्हती. इंजिन बंद पडण्याचे प्रसंग आले, आणि त्यात आमची माणसं गेली. जुलै २००९ मध्ये मेदक जिल्ह्यात एक दीपक कोसळलं, दोन वैमानिक गेले, आणि त्यानंतर सगळी दीपक विमानं जमिनीवर बसवली. मग काही वर्षं नवख्यांना थेट किरणवर शिकवावं लागलं. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडचं पिलाटस पीसी-७ मार्क दोन आलं. त्यालाही पंखाच, फक्त मागे ७०० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप आणि बुडाखाली इजेक्शन सीट. आता एचएएलच्या ७० एचटीटी-४० विमानांची ऑर्डर दिलेली आहे, तेही पंख्याचंच. म्हणजे कुंपणाबाहेरचा तो मुलगा उद्या वायुदलात गेला तर त्याची सुरुवात ज्याला तो खरं विमान मानत नाही त्याच्यावरच होणार.

त्या न तरंगण्यामुळेच आम्हाला इंजिन बंदचा सराव फार करावा लागे. दोन हजार फुटांवर गप्पा मारता मारता सर थ्रॉटल मागे ओढत आणि म्हणत, "गेलं इंजिन." पहिल्यांदा मी काय केलं? रेडिओचं बटण शोधलं. सर शांतपणे म्हणाले, "रेडिओने विमान उडत नाही." क्रम असा असतो: आधी नाक खाली घालून वेग राखायचा. मग वारा बघायचा, कारण उतरायचं वाऱ्याकडे तोंड करून. मग शेत निवडायचं. मग हातात वेळ असेल तर पेट्रोलचा कॉक, पंप, ठिणगी देणारा मॅग्नेटो, काही सुटलंय का ते पाहायचं. बोलायचं सगळ्यात शेवटी. हा क्रम मी इतकी वर्षं घोकलाय की घरी गॅसचा वास आला तरी माझा हात आधी रेग्युलेटरकडे जातो आणि हाक नंतर निघते.

वारा ओळखायला दुंडिगलच्या आसपास आम्ही तळ्यावरच्या लाटा बघायचो, धूर बघायचो. सुट्टीत कोल्हापूरला एसटीने येताना खिडकीतून हातकणंगल्याच्या पुढे गुऱ्हाळांची धुराडी दिसली आणि मी एकदम सरसावून बसलो. चिपाडाचा दाट धूर, एका बाजूला झोपलेला. वारा पूर्वेचा, पंधरा-एक नॉट. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काय झालं ओ, उतरायचंय व्हय?" उतरायचंच होतं, पण कुठल्या शेतात ते ठरत नव्हतं.

आता आठवणींबद्दल, कारण हा भाग मी एकट्याने लिहू शकत नाही.

उद्यमनगरात एक म्हातारे लेथवाले आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. स्कूटरच्या एका बुशसाठी त्यांच्याकडे गेलो आणि भिंतीवर फ्रेममध्ये एचटी-२ दिसलं. अण्णा वायुदलात इंजिन फिटर होते. एचटी-२ म्हणजे दीपकच्या आधीचं. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली बेंगळुरूला तयार झालेलं, ऑगस्ट १९५१ मध्ये उडालेलं. घाटगेंनी जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केली होती. विमानशास्त्र शिकणाऱ्या कोणालाही प्रांटल हे नाव विचारा, तो आदराने कानाला हात लावेल. घाटगे हे आडनाव कागलपासून इथपर्यंत गल्लोगल्ली, पण या घाटगेंचं नाव माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी एकालाही ठाऊक नसतं.

एचटी-२ ला १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन होतं, उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडरची डोकी खाली. अशा इंजिनात रात्रभर तेल झिरपून खाली सिलिंडरमध्ये साचतं. तसंच सुरू केलं तर तेल काही दाबलं जात नाही, आत काहीतरी वाकतं. म्हणून सकाळी प्रोपेलर हाताने सावकाश फिरवून बघायचा, कुठे अडतोय का. अण्णांनी ते मला लेथच्या चकवर करून दाखवलं. तळहात सपाट, बोटं कडेभोवती न गुंडाळलेली, अंग मागे, वजन मागच्या पायावर. "साहेब, बोटं आवळली की गेली," ते म्हणाले. "मॅग्नेटोला बॅटरी लागत न्हाई. स्विच बंद दिसला तरी तार तुटली असंल तर ठिणगी पडती. पंखा कायम जिता समजायचा."

हे नवख्यांनी लिहून ठेवा. फ्लाइंग क्लबात जाल, प्रदर्शनात जाल, फोटोसाठी प्रोपेलरला टेकू नका. बेंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात जा, तिथे एचटी-२ बघा, पण हात मागे बांधून.

एचटी-२ ला पुढचं चाक नव्हतं, शेपटीखाली होतं. जमिनीवर नाक वर, समोरचं काही दिसत नाही, म्हणून नागमोडी चालवावं लागायचं. शिवाय वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे, त्यामुळे उतरताना जरा तिरकं झालं की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. दीपकने पुढच्या चाकामुळे आमच्या चुका पोटात घातल्या, एचटी-२ ने घातल्या नसत्या. माझे सर त्याच्यावर शिकलेले, तेव्हा ते माझ्या बुटांकडे का बघायचे हे मला अण्णांच्या दुकानात, तीस वर्षांनी कळलं.

लॉगबुकबद्दल, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीबद्दल, एक सूचना. तास, विमानाचा नंबर, सही, एवढं सगळेच भरतात. शेवटच्या रकान्यात एक ओळ तुमची लिहा. माझ्या लॉगबुकात सोलोच्या दिवशी लिहिलंय, "उजवी खुर्ची रिकामी. पट्टे बांधून ठेवलेले. विमान हलकं." पंचवीस वर्षांनी तास आठवले नाहीत, ते बांधलेले पट्टे आठवले.

जानेवारीत मी चार मुलांना आणि एका मुलीला जोतिबाला घेऊन गेलो. दर्शन, गुलाल, मग कड्याच्या बाजूला उभं केलं आणि म्हटलं, इंजिन गेलंय, दोन मिनिटं आहेत, कुठे उतरवणार? मुलांनी रस्ता दाखवला. रस्त्यावर एसटी असते, म्हटलं. दुसऱ्याने हिरवंगार, सपाट दिसणारं शेत दाखवलं. तो ऊस आहे, म्हटलं, माणसापेक्षा उंच, विमान त्यात थांबत नाही, गुरफटतं. मग मी माझं शेत दाखवलं. केर्लीच्या बाजूला, तोडणी झालेलं, तांबूस, लांब, वाऱ्याकडे तोंड करून उतरता येईल असं. कुठल्याशा गुऱ्हाळाचा धूर साक्षीला होता. मी मनातल्या मनात तिथे उतरलोही होतो.

मुलगी शिये गावची, शेतकऱ्याघरची. ती बराच वेळ बघत राहिली.

"सर, तिथं नको," ती म्हणाली.

"का?"

"कोपऱ्यात गोल दिसतंय न्हवं, ती विहीर हाय. विहीर हाय म्हंजे मोटर हाय. मोटर हाय म्हंजे खांब असणार, तारा असणार. हितनं दिसत न्हाईत."

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. तारा तेव्हाही दिसल्या नाहीत. परत येताना पायथ्याशी गाडी थांबवून आम्ही ते शेत बघायला गेलो. तीन खांब होते, तारा अगदी मधोमध.