भांडण मुलांचं, निवाडाही मुलांचाच: घरात आणि अंगणात कसं शिकवावं

हापूस एक आणि मुलं दोन. दोन फोडी निघतात, मागे राहते कोय. फोडींवरून फारसं काही होत नाही, रण माजतं ते कोयीवरून. मोठी माणसं मग घाईघाईनं कोय कोणाच्या तरी हातात देऊन मोकळी होतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच खटला पुन्हा उभा राहतो. म्हणून निवाडा देऊ नका, रीत द्या. आणि रीत शिकवायची ती भांडण नसताना, पोटं भरलेली असताना.

आधी ठरवून ठेवायच्या रीती

खाण्याच्या वस्तूला एकच नियम: जो वाटे करतो तो शेवटी उचलतो. दोन फोडी आणि कोय यांचे दोन वाटे एकानं लावायचे, पहिली निवड दुसऱ्यानं करायची. मग कोयीबरोबर थोडी लहान फोड ठेवायची अक्कल मुलांना आपोआप येते. तीन मुलं असतील तरी वाटे करणारा शेवटीच, आणि वाटे करायची पाळी रोज बदलायची. सात-आठ वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुरी नको. ‘इथून काप’ असं त्यानं बोटानं दाखवावं, कापावं तुम्ही.

पाळीच्या गोष्टींना, म्हणजे खिडकीची जागा, रिमोट, लिफ्टचं बटण, भिंतीवरचं कॅलेंडर कामाला येतं. बरीच घरं विषम तारखा एकाला आणि सम तारखा दुसऱ्याला देतात. महिनाभर झकास चालतं, पण ३१ तारखेनंतर १ येते आणि एकाच मुलाला लागोपाठ दोन दिवस मिळतात. असे ३१ दिवसांचे महिने वर्षात ७ आहेत, आणि मुलं ही चूक पहिल्याच महिन्यात पकडतात. त्यापेक्षा महिना सुरू होताना मुलांनाच प्रत्येक चौकोनात आलटून पालटून आद्याक्षर लिहायला बसवा.

पाच वर्षांखालच्या मुलाला ‘दहा मिनिटं’ म्हणजे काय ते कळत नाही. झोपाळ्यावर मिनिटं नकोत, २० झोके मोजा, तेही वाट पाहणाऱ्यानं मोठ्यानं. मोबाइलवरचा खेळ मिनिटावर तोडला की नवं भांडण होतं, म्हणून तिथे एक डाव किंवा एक लेव्हल असं माप धरा.

पेटल्यावर काय करायचं

पहिलं, जवळ जा. स्वयंपाकघरातून ओरडून भांडण मिटत नाही. खाली बसा, मारामारी असेल तर हात धरून थांबवा, लागलंय का ते पाहा. भांडणाची वस्तू तुमच्याकडे घ्या, पण लपवू नका, समोर दिसू द्या. ‘हे मी धरून ठेवतो, ठरलं की देतो,’ एवढंच सांगा.

मग थांबा. रडणाऱ्या मुलाच्या डोक्यात तुमचं तत्त्वज्ञान शिरत नाही. ‘पाणी हवंय का?’ असं विचारा. धड उत्तर आलं तर बोलणं सुरू करता येतं, नाहीतर आणखी पाच मिनिटं जाऊ द्या.

आता दोघांचं ऐका, एकावेळी एकाचं. हातात चमचा द्या. चमचा ज्याच्याकडे तोच बोलेल. धाकट्याला आधी बोलू द्या, कारण थोरल्याचे शब्द तयार असतात आणि तो बोलून गेल्यावर धाकट्याकडे नुसतं ‘नाही!’ उरतं. प्रश्न एकच: ‘काय झालं?’ ‘कोणी सुरुवात केली?’ हा प्रश्न तर कधीच विचारू नका. त्याचं उत्तर मागे मागे जात गेल्या दिवाळीपर्यंत पोचतं. एकाचं बोलून झालं की दुसऱ्यानं ते आपल्या शब्दांत सांगायचं: ‘तुझं म्हणणं, मी न विचारता रंग घेतले.’ पटलं नाही तरी चालेल, सांगता आलं पाहिजे.

पुढे भांडण एका वाक्यात मांडा, आणि त्या वाक्यात दोघंही असू द्या. ‘तू हावरट आहेस’ हा आरोप झाला. ‘सायकल एक आहे आणि अंधार पडायच्या आत दोघांना चालवायची आहे’ हा प्रश्न झाला, आणि प्रश्नाला उत्तर शोधता येतं.

उपाय मुलांना विचारा, निदान तीन. ‘सायकल विकून टाकू’ हासुद्धा कागदावर लिहा, त्यावर दोघं हसली तर अर्धं काम झालं. नको तो उपाय प्रत्येकानं खोडायचा. उरेल त्यात आधी कोण आणि कुठपर्यंत हे मुलांच्या तोंडून वदवून घ्या. दहा मिनिटांनी एक चक्कर मारा. ठरलेलं मोडलं असेल तर रागावण्याआधी पाहा, ठरवलेलं पाळण्याजोगं होतं का. बहुतेक वेळा ‘थोडा वेळ’ असं मोघम ठरलेलं असतं.

आणि ‘सॉरी म्हण’ असा हट्ट नको. जमिनीकडे बघत पुटपुटलेल्या सॉरीनं फाटलेली वही जोडली जात नाही. चिकटपट्टी आणून पान जोडायला लावा.

तीन वर्षांखालच्या मुलांना यातलं काहीच लागू नाही, त्यांना दुसरं खेळणं द्या. चार ते सहा वयात उपाय तुम्ही दोन सुचवा, निवड त्यांची. पुढे हळूहळू खोलीबाहेर राहून नुसतं ऐकत बसा.

‘तू मोठा आहेस ना, दे त्याला’

मराठी घरातलं हे सगळ्यात अन्यायाचं वाक्य असावं. थोरल्याला वाटतं की वय वाढणं हा दंड आहे, आणि धाकटं शिकतं की भोकाड पसरलं की मिळतं.

आपल्याला कमी मिळालं हे मुलांना लवकर टोचतं. जास्त मिळालेलं नाकारणं मात्र सगळीकडे दिसत नाही. भारतासह ७ देशांतल्या ४ ते १५ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. स्वतःला कमी येणारी वाटणी मुलं सगळ्या देशांत नाकारत होती. स्वतःला जास्त येणारी वाटणी नाकारणारी मुलं कॅनडा, अमेरिका आणि युगांडा या तीनच देशांत दिसली. म्हणून घरातल्या वाटणीत ‘तुला कमी आलं का?’ याबरोबर ‘तुझ्याकडे जास्त आलंय, काय करूया?’ हेही विचारा, आणि धाकट्यालाही विचारा.

खाली खेळताना

गल्ली क्रिकेटची बहुतेक भांडणं पहिल्या चेंडूआधी मिटवता येतात. एक टप्पा आउट आहे का, कंपाउंडबाहेर गेला तर आउट की चौकार, ट्राय बॉल किती, बॅटवाल्याला जादा बॅटिंग आहे का, एवढं आधी बोलून घ्यायला लावा. रनआउटवर एकमत झालं नाही तर तो चेंडू पुन्हा. कोण खरं बोलतंय हे गॅलरीतून ठरवायला जाऊ नका.

संघ पाडताना कॅप्टननं एकेक निवडला की शेवटी उरणारा रोज तोच असतो. त्यापेक्षा जुनी रीत बरी: सारख्या ताकदीच्या दोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावं घ्यायची आणि येऊन विचारायचं, ‘आंबा की फणस?’ लहानग्यांना लिंबू-टिंबू ठेवा, पण ‘आता मी पक्का’ असं म्हणायचा हक्क त्यांना असू द्या.

कुठे ही रीत चालत नाही

मार खाणारं मूल दर वेळी तेच असेल, डबा किंवा पैसे काढून घेतले जात असतील, ते खाली जायलाच घाबरत असेल, तर ते भांडण नव्हे, छळ आहे. तिथे दोघांना समोरासमोर बसवून ‘तुझी बाजू सांग’ म्हणू नका, घाबरलेलं मूल समोरच्याचंच म्हणणं कबूल करून बसेल. आधी छळ थांबवा, मग दोघांशी वेगवेगळं बोला, आणि शाळेत घडत असेल तर वर्गशिक्षकांना तारखेसह लेखी कळवा. असं मूल सांगायला आलं तर ‘चुगली करू नकोस’ म्हणून परत पाठवू नका. पुढच्या वेळी ते येणार नाही.