चवदार तळ्यावर काम करायचं म्हणता?

एम.ए. झालेली किंवा पीएच.डी.च्या नोंदणीच्या खटपटीत असलेली मुलंमुली अधूनमधून फोन करतात. विषय विचारतात, संदर्भ विचारतात आणि फोन ठेवता ठेवता खरा प्रश्न विचारतात : 'मी त्या समाजातली नाही, मग आंबेडकरी चळवळीवर काम केलेलं चालेल का?' चालेल की नाही हे ठरवणारी मी कोण! पण मीही त्या समाजातली नाही. माझं आडनाव ऐकलं की जात विचारावी लागत नाही. चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून बाबासाहेबांनी महाडला केलेल्या सत्याग्रहावर आणि त्याच्या अवतीभवती बारा-तेरा वर्षं काम करते आहे, तेव्हा निदान कुठे कुठे चुकले ते सांगू शकते.

पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात करते. महाडजवळच्या एका गावात पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांची मुलाखत घ्यायला गेले होते. त्यांचे वडील २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर गेलेले. एप्रिल महिना, दुपारचे दोन वाजलेले. सुनेने तांब्या-भांडं आणून पुढ्यात ठेवलं. मला प्रवासात बाहेरचं पाणी बाधतं, लहानपणापासूनची सवय. 'नको नको, आहे माझ्याकडे,' म्हणत मी सॅकमधून बाटली काढली, घटाघटा प्यायले, रेकॉर्डर सुरू केला आणि पहिला प्रश्न टाकला, 'तळ्याच्या पाण्याबद्दल वडील काय सांगायचे?'

आजोबा पाऊण तास बोलले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव, महाडला भरलेली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, तारखा, अध्यक्ष, सगळं अचूक आणि सगळं छापलेलं. घरातली एक गोष्ट त्यात नव्हती. मला एसटी स्टँडवर सोडायला त्यांचा मुलगा आला होता. तो म्हणाला, 'पाणी बरोबर आणलंत ते बरं केलंत मॅडम. आमच्याकडे येणारे पुष्कळ जण आणतात.' हसत म्हणाला. मीही हसले. पनवेल यायला झालं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या खेपेला मी गेल्या गेल्या पाणी मागून प्यायले. ते इतकं ठरवून केलेलं होतं, की त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. आजोबा पुन्हा छापलेलंच बोलले. तिसऱ्या वेळी लाइट नव्हती, रेकॉर्डर चार्ज नव्हता आणि सूनबाई बिरड्यासाठी वाल सोलत बसल्या होत्या. काम नव्हतं म्हणून मीही सोलायला बसले. आजोबा झोपाळ्यावर. मध्येच त्यांना त्यांची आई आठवली. वडील परिषदेहून रात्री परतले ते हमरस्ता सोडून नदीकाठाने, कारण परिषदेहून येणाऱ्यांना वाटेत गाठून मारा असे निरोप गावागावांत गेले होते. आई त्यांना पुढे कितीतरी वर्षं विचारायची, 'कसं लागलं हो तळ्याचं पाणी? नावासारखं चवदार होतं का?' आणि वडील दर वेळी म्हणायचे, 'लक्षातच नाही. घशाला कोरड पडली होती.'

ही गोष्ट मी लगेच लिहून घेतली नाही. 'हे लिहिलं तर चालेल का?' असं विचारायलाही आणखी एक खेप गेली. त्यामुळे नवीन माणसाला माझा पहिला सल्ला अगदी कोरडा आहे : प्रवासखर्चाचा अंदाज मांडताना एका माणसामागे चार खेपा धरा. शिष्यवृत्तीच्या अर्जात एक खेप लिहिलेली असते. तिथेच गणित चुकतं.

आता विषय निवडण्याबद्दल. माझा पहिला आराखडा होता 'महाड सत्याग्रहातील सवर्ण सहकारी'. साहित्य भरपूर होतं. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस. परिषदेच्या शेवटी तळ्यावर जाण्याचं आवाहन करणारे अनंतराव चित्रे. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. तिघंही मोठी माणसं, त्यात शंका नाही. माझ्या मार्गदर्शक बाईंनी चार पानं वाचली आणि विचारलं, 'ही परिषद भरवायची कल्पना कुणाची? दासगावातून खटपट कुणी केली?' मला रामचंद्र बाबाजी मोऱ्यांचं नाव ठाऊक होतं, पण नावापलीकडे काही सांगता येईना. त्यांचं अपुरं राहिलेलं आत्मचरित्र आणि मुलाने लिहिलेलं चरित्र दोन्ही मराठीत होतं. मी ते उघडलंही नव्हतं. सहस्रबुद्ध्यांवर मात्र माझ्याकडे दोन वह्या भरल्या होत्या. बाई एवढंच म्हणाल्या, 'आपल्यासारखी आडनावं सापडली की आपल्याला हायसं वाटतं.'

हे हायसं वाटणं ओळखायला शिका, ते फार वेळा येतं. गंमत अशी, की खुद्द सहस्रबुद्धे-टिपणिसांच्या वागण्यात ते दिसत नाही. डिसेंबरच्या सत्याग्रहाला ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, तो ब्राह्मणांना बाजूला ठेवण्याच्या अटीवर. बाबासाहेबांनी ती अट धुडकावली. त्यांचा विरोध ब्राह्मण्याला होता, जातीने ब्राह्मण असलेल्या माणसाला नव्हता. म्हणजे सहस्रबुद्ध्यांची जागा राखायला बाबासाहेब उभे राहिले. सहस्रबुद्धे त्या जागेवर उभे राहून ठराव मांडून मोकळे झाले. चळवळीचा पुढारी होण्याची हौस त्यांनी केल्याचं मला कुठे आढळलं नाही. माझ्या प्रबंधात आता त्यांना सव्वा पान आहे. पुरेसं आहे.

इतिहासकारांचं म्हणाल, तर तुम्ही आणि मी या रांगेत फार मागे आहोत. चांगदेव खैरमोड्यांनी चरित्राचा पहिला खंड १९५२ ला काढला, बाबासाहेब हयात असताना. वसंत मून महसूल खात्यात नोकरी करता करता कागद गोळा करत राहिले आणि शासनाने लेखन आणि भाषणांचे खंड काढायचं ठरवलं तेव्हा संपादनाला तेच लागले. पहिला खंड १९७९ चा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी चळवळीतल्या बायका शोधत गावोगाव, वस्त्यावस्त्यांतून फिरल्या, त्याचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ ला आलं. त्यांनी तेव्हा गाठलं नसतं, तर त्यातल्या बहुतेक बायका कागदावर आल्याच नसत्या. 'या विषयावर काहीच काम झालेलं नाही' हे वाक्य प्रबंधाच्या प्रस्तावनेत लिहायचा मोह होईल, तेव्हा हे आठवा. काम झालेलं असतं. ते विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये नसतं, एवढंच.

बाहेरून येऊन नीट काम केलेल्यांचं उदाहरण मागितलं, तर मी एलिनॉर झेलियट आणि गेल ऑम्व्हेट या मूळच्या अमेरिकन अभ्यासकांची नावं सांगते. झेलियटबाईंचा आंबेडकर आणि महार चळवळीवरचा प्रबंध १९६९ चा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. त्या काळी आपल्याकडच्या विद्यापीठांत हा विषय घेऊन कोण बसलं होतं? गेलताई कासेगावात राहिल्या, तिथल्याच झाल्या. पण मला दोघींच्या थोर ग्रंथांपेक्षा एक लहानसं काम जास्त शिकवून गेलं. वसंत मूनांचं 'वस्ती' हे नागपूरच्या महारवाड्यातलं आत्मकथन २००१ मध्ये इंग्रजीत आलं, त्याचं भाषांतर गेलताईंचं आणि प्रस्तावना झेलियटबाईंची. दोघी नामवंत अभ्यासक, आणि मुखपृष्ठावर लेखक म्हणून नाव मूनांचं. हे दिसायला साधं आहे. हेच साहित्य 'माहिती देणारे' म्हणून तळटीपांत टाकून स्वतःच्या नावावर पुस्तक करणारे कमी नाहीत.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. मार्गदर्शकाचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा. पोलिसांचे गोपनीय अहवाल वाचताना लक्षात ठेवा, की लिहिणाऱ्याला सगळीकडे दंगलच दिसते. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालं, म्हणजे तळ्याच्या घटनेनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. ते अंक पहिल्यापासून क्रमाने वाचा, हवा तो उतारा उचलून पळू नका. तळ्यावरच्या हक्काचं कोर्टातलं प्रकरण १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात संपलं. नवखे लोक १९२७ वर थांबतात आणि ही दहा वर्षं त्यांच्या हातून निसटतात. अमेरिकेशी तुलना करायची असेल, तर १९४६ मधला बाबासाहेब आणि तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांचा पत्रव्यवहार जरूर पाहा. एवढं झालं, की ६ डिसेंबरला दादरला जा. मुलाखती घ्यायला नको, लोक तिथे अभिवादनाला आलेले असतात. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर जा. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका, एखाद्या तालुक्याच्या चळवळीचा कुणा निवृत्त शिक्षकाने स्वखर्चाने छापलेला इतिहास, जलशांची गाणी. पिशवी मोठी न्या. माझ्या संदर्भसूचीतली चाळीसएक नावं तिथली आहेत आणि ती मला कुठल्याही ग्रंथालयात मिळाली नाहीत.

बोलण्यातल्या दोन अडचणी सगळ्यांना येतात. एक, प्रबंधात 'आंबेडकर' लिहायचं, पण घरात बसून 'आंबेडकर म्हणाले' असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. मी दोन्हीकडे 'बाबासाहेब' करून पाहिलं, परीक्षकांनी लाल रेघ मारली. आता लिहिताना 'डॉ. आंबेडकर', बोलताना बाबासाहेब. दुसरी, 'जय भीम' म्हणायचं का? समोरून आला तर मी त्याच शब्दांत उत्तर देते. ओळख नसताना स्वतःहून फेकत नाही, कारण सुरुवातीला मी तो दार उघडायच्या किल्लीसारखा वापरत होते आणि एका बाईंनी ते ताडलं होतं. त्यांनी मला अतिशय गोड आवाजात 'नमस्कार' म्हटलं.

फोटो कधीही घरातून बाहेर नेऊ नका. प्रत्येक वस्तीत एक तरी घर असं आहे, जिथला आजोबांचा एकुलता एक फोटो कुणी अभ्यासक 'उद्या आणून देतो' म्हणून घेऊन गेला. त्यांच्यासमोर, त्यांच्याच खाटेवर, मोबाइलने काढा आणि निघायच्या आधी त्यांच्या नातवाच्या फोनवर पाठवा. रेकॉर्डिंगचीही प्रत द्या. नावांचा घोळ तर निराळाच आहे. विद्यापीठाच्या संमतिपत्रात ठसठशीत ओळ असते : 'आपले नाव गुप्त ठेवण्यात येईल.' ती मी एका आजींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, 'कशाला गं बाय? मी काय चोरी केली?' त्यांना नाव हवं होतं, नवऱ्याचं हवं होतं, सासऱ्यांचं आणि गावाचंही हवं होतं. त्या छापील ओळीमागचा हेतू चांगलाच आहे, आणि काही ठिकाणी नाव लपवावंच लागतं. गावात वैर जिवंत असेल तर विशेष. पण ज्यांची नावं शंभर वर्षं कुणी लिहिली नाहीत, त्यांना 'मुलाखतदात्री क्र. ७' करून तुम्ही त्यांचा कसला मान राखणार? समितीसमोर भांडून मी दुसरा रकाना करून घेतला : 'माझे नाव पूर्ण छापावे.' सहा महिने गेले त्यात.

शेवटची चूक अलीकडची आहे. एका कॉलेजाने १४ एप्रिलच्या व्याख्यानाला बोलावलं. मी म्हटलं, तुमच्याच तालुक्यात चळवळीचा इतिहास तीस वर्षं जमवणारे गृहस्थ आहेत, त्यांना बोलवा. उत्तर आलं, 'ते आहेत हो, पण त्यांच्याकडे पीएच.डी. नाही, आम्हाला अहवालात दाखवावं लागतं.' मी नाही म्हणायला हवं होतं. तासिका तत्त्वावर शिकवत होते, बायोडेटात एक ओळ वाढत होती, गेले. ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसून टिपणं घेत होते. मी सांगितलेली एक तारीख चूक होती, ती त्यांनी चहाच्या वेळी, कुणी जवळ नाही असं पाहून मला सांगितली. आता आमंत्रण आलं की मी अट घालते : ते आधी, मी नंतर. निम्मी आमंत्रणं त्यामुळे गळतात.

त्या महाडजवळच्या आजोबांना गेल्या दिवाळीत मी त्यांच्या घरावरचं प्रकरण नेऊन दिलं, मोठ्या अक्षरात छापून. महिन्याभराने ते पोस्टाने परत आलं. वाक्यांना त्यांनी हात लावला नव्हता. जिथे मी 'गावातील इतर काही जण' असं लिहिलं होतं, तिथे समासात निळ्या पेनने अकरा नावं होती, प्रत्येकाच्या बापाच्या नावासकट. त्यातली दोन मला लागत नाहीत, शाई फुटली आहे. २० मार्चला महाडला जाणारच आहे, तेव्हा विचारून घेईन.